दूध, कोला आणि लोणचे : सरकारी कुंपणाची गोष्ट

१९७० च्या फेब्रुवारी महिन्यात आपल्या बडोद्यात एका सरकारी कंपनीची नोंदणी झाली. नाव होते इंडियन डेअरी कॉर्पोरेशन. १९८७ मध्ये ती आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळात विलीन झाली आणि गावाने तिला विसरूनही टाकले. आज दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात चार पिढ्या काढलेल्या घरांतही तिचे नाव क्वचितच कोणाला आठवते. युरोपातून भेट म्हणून आलेल्या दूधभुकटीच्या आणि बटर ऑइलच्या हजारो टनांचा हिशेब ही कंपनी सांभाळत होती. त्या विक्रीच्या पैशांतून देशभर डेअऱ्या उभ्या राहिल्या. त्या काळी आमच्या मराठी घरांत कुणी बँकेत नोकरीला, कुणी महाराजा सयाजीराव विद्यापीठात, कुणी रेल्वेत. दुधाचे राजकारण आपल्याच गावातून चालते आहे, याची फारशी जाणीव आम्हाला नव्हती. सकाळी दूध आले, चहा झाला, की विषय संपत असे.

यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही निवडला त्याला कारण आहे. खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या उद्योगाला सरकारने आधार द्यावा की नाही, यावर आमच्या मंडळात दरवर्षी वाद रंगतो. आरतीनंतर प्रसाद हातात घेऊन तो सुरू होतो आणि कार्यकर्ते मांडवाचे दिवे मालवू लागले तरी संपत नाही. एक पक्ष म्हणतो, सरकारने बाजूला व्हावे, अमूल काही सरकारने काढले नाही. दुसरा म्हणतो, आयातीला कुंपण घातले नसते तर अमूल उभेच राहिले नसते. आम्हाला वाटते, दोघेही कुंपणाकडेच पाहत बसतात. कुंपणाच्या आत कोण उभे होते आणि त्याच्या हातात काय दिले होते, हे पाहिल्याखेरीज या इतिहासाचा उलगडा होत नाही. त्यासाठी दूध, कोला आणि लोणचे या तीन वस्तूंची हकीकत शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवी.

पण त्याआधी थोडे साखरेविषयी. आपल्या देशात खाद्यपदार्थाच्या उद्योगाला ठरवून दिलेले पहिले मोठे संरक्षण साखरेचे. जावा बेटावरून येणाऱ्या स्वस्त साखरेपुढे इथले कारखाने टिकत नव्हते. टॅरिफ बोर्डाने १९३१ मध्ये शिफारस केली आणि १९३२ च्या कायद्याने आयात साखरेवर जबर जकात बसली. त्या वेळी देशात आधुनिक कारखाने तीसच्या आसपास होते. पाच वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले आणि जावाची साखर बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. परिणाम एवढा झटपट दिसला, की पुढच्या सगळ्या सरकारांनी तो मनात धरून ठेवला. ऊस पिकवणाऱ्याच्या पदरात मात्र त्यातले थोडेच पडत होते. म्हणून दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, उसाचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार प्रांतांना देणारा कायदा करावा लागला. ऊसवालाच कारखान्याचा मालक होण्याची गोष्ट १९५० मध्ये प्रवरेकाठी घडली. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ ही नावे आपल्या वाचकांना सांगायला नकोत, म्हणून साखरेत अधिक शिरत नाही.

दुधाची गोष्ट महीपलीकडच्या खेडा जिल्ह्यातली, बडोद्याहून तासाभराच्या अंतरावरची. तिची सुरुवात सरकारने शेतकऱ्याला मदत करण्यापासून झाली नाही. झाली ती उलट बाजूने. १९३० च्या सुमारास पेस्तनजी एदलजी दलाल यांनी आणंदला पॉलसनची डेअरी उभारली. पॉलसनचे लोणी एवढे गाजले की त्यावरून खुशामतीला नवा शब्द मिळाला. ‘पॉलसन मारणे’ हा प्रयोग जुन्या मंडळींनी गुजरातीत ऐकला असेल. १९४५ मध्ये मुंबई सरकारने शहराला चांगले दूध मिळावे म्हणून योजना आखली. आणंदचे दूध थंड करून मुंबईला न्यायचे ठरले आणि ते गोळा करण्याचा मक्ता पॉलसनला मिळाला. ठरावीक गावांतून दुसऱ्या कोणी दूध उचलू नये, अशी व्यवस्था झाली. मुंबईत दुधाला भाव चांगला होता, पॉलसनला दर चांगला मिळत होता, पण म्हैस ज्याच्या दारात बांधलेली त्याच्या हाती पडणारा पैसा होता तेवढाच राहिला. म्हणजे संरक्षण होते, ते मधल्या व्यापाऱ्याला.

शेतकरी सरदार वल्लभभाईंकडे गेले. सरदारांचा सल्ला होता, स्वतःची सहकारी संस्था काढा. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली. गावोगाव सोसायट्या काढायच्या, त्यांचा संघ करायचा, आणि सरकारने संघाचे दूध घेतले नाही तर कोणालाच दूध घालायचे नाही, असे ठरले. पंधरा दिवस दूध बंद राहिले. मुंबईच्या योजनेची कोंडी झाली आणि सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. १९४८ च्या जूनमध्ये संघाचे पाश्चराइज्ड दूध मुंबईला जाऊ लागले, तेव्हा सोसायट्या दोन आणि दूध दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास. त्रिभुवनदास पटेल गावोगाव फिरून माणसे जोडत होते. वर्षभरात, १३ मे १९४९ ला, वर्गीस कुरियन नावाचा तरुण इंजिनिअर सरकारी शिष्यवृत्तीची अट फेडायला आणंदच्या सरकारी क्रीमरीत येऊन दाखल झाला. त्याला तिथे राहायचे नव्हते, हे पुढे त्यानेच अनेकदा सांगितले.

आता खरी अडचण सुरू झाली, आणि ती म्हशीच्या स्वभावातली होती. म्हैस हिवाळ्यात भरपूर दूध देते, उन्हाळ्यात आटते. मुंबईकर मात्र बारा महिने सारखाच चहा पितो. त्यामुळे हिवाळ्यात मुंबईची योजना जादा दूध घेत नसे आणि शेतकऱ्यापुढे नासणारे दूध उरे. या जादा दुधाचे लोणी आणि भुकटी केल्याशिवाय संघाला जगता येणार नव्हते. पण म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी जाणकारांचे ठाम मत होते, कारण त्यांचा सगळा अनुभव गाईच्या दुधाचा. संघातले डेअरी तंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी ते मानले नाही. रंग फवारण्याचे साधे यंत्र आणि गरम हवेचा झोत जोडून त्यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखवली, असे कुरियन यांनी आठवणींत सांगितले आहे. मग युनिसेफकडून यंत्रे आली, न्यूझीलंडने कोलंबो योजनेतून मदत केली. युनिसेफच्या मदतीला अट होती, की जिल्ह्यातल्या गरीब मुलांना दूध वाटायचे. ३१ ऑक्टोबर १९५५ ला, सरदारांच्या जयंतीला, पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या डेअरीचे उद्घाटन झाले.

इथपर्यंत सरकार मदतनीस होते. कुंपण आले ते यानंतर, आणि ते घातले गेले परकीय चलनाच्या ओढाताणीमुळे. १९५६ नंतर परदेशी हुंडणावळीची गंगाजळी वेगाने आटत गेली. त्या दिवसांत देशात लोणी न्यूझीलंडहून, दूधभुकटी, कंडेन्स्ड मिल्क आणि बाळाचे दूध युरोपातून येई. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांच्या काळात आयातीला कात्री लागली आणि लोणी त्यातून सुटले नाही. कुरियन यांनी दिल्लीत जाऊन सांगितले, की आयात कमी करा, तूट आम्ही भरून काढतो. असे सांगणारे कारखानदार तेव्हा दिल्लीच्या प्रत्येक जिन्यावर भेटत असतील. फरक एवढाच, की आणंदकडे जादा दूध खरोखरच होते, यंत्रे बसलेली होती आणि दलायांसारखी माणसे होती. आयात आधी बंद आणि कारखाना पुढे केव्हातरी, असा प्रकार इथे झाला नाही. कुंपण घातले तेव्हा आत पीक उभे होते.

बाळाच्या दुधाची गोष्ट याहून बोलकी आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्याचा चोथा पोटात घट्ट बसतो. तान्ह्या मुलाला ते पचेल असे करणे हे शास्त्राचे काम होते. म्हैसूरला १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने ते हाती घेतले. स्निग्धांश कमी करायचा, जीवनसत्त्वे घालायची, पाण्यात नीट विरघळेल अशी भुकटी करायची. संचालक व्ही. सुब्रह्मण्यन यांच्या देखरेखीखाली ही कृती सिद्ध झाली आणि १९६० मध्ये अमूलचा डबा बाजारात आला. सरकारी प्रयोगशाळेने कृती दिली, सरकारी आयात धोरणाने बाजार दिला, आणि शेतकऱ्यांच्या संघाने माल दिला. या तिघांपैकी एक जरी नसता तर तो डबा निघाला नसता.

त्या डब्याविषयी एक गोष्ट सांगायचा मोह होतो. आमच्या बहुतेक घरांत मूल मोठे झाल्यावरही तो डबा टिकून असे. मोहरी, हळद, सुट्टे पैसे, देवाच्या वाती, काय म्हणाल ते त्यात राही. आजींच्या फडताळात त्यांची रांगच असायची. पण त्याच काळात तो मिळवणे सोपे नव्हते, हेही जुन्या मंडळींना आठवत असेल. परदेशी डबा मिळेना आणि देशी पुरेना. ओळखीच्या दुकानदाराकडे आधी सांगून ठेवावे लागे. संरक्षणाची किंमत कोणीतरी मोजतोच, आणि ती त्या काळच्या आयांनी रांगेत उभे राहून मोजली. धोरणाचे गोडवे गाताना हा खर्च जमेस धरला जात नाही, याची आम्हाला नेहमी रुखरुख वाटते.

याच धोरणाचा दुसरा पैलूही होता. परदेशी कंपनीला दार पूर्ण बंद नव्हते. नेस्लेने इथल्या दुधापासून इथेच माल करावा, असा सरकारचा आग्रह होता, आणि १९६१ मध्ये तिचा कारखाना पंजाबात मोगा येथे निघाला. आसपासच्या गावांतले दूध गोळा करणे, जनावरांचे डॉक्टर पाठवणे ही कामे तिला करावी लागली. म्हणजे प्रश्न देशी-परदेशी एवढाच नव्हता, दूध कोणाचे आणि कुठले हाही होता.

१९६४ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्री आणंदला आले आणि अजरपुरा नावाच्या गावात एक रात्र राहिले. गावकऱ्यांशी बोलून त्यांनी विचारले, की हे इथे जमते तर इतरत्र का नाही? त्यातून १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ निघाले आणि त्याचे मुख्य ठाणे दिल्लीत न ठेवता आणंदला ठेवले गेले. पुढची अडचण पैशांची होती. त्याच सुमारास युरोपीय आर्थिक समुदायाकडे दूधभुकटी आणि लोण्याचे डोंगर साठले होते. ते फुकट वाटले गेले असते तर इथल्या दुधाचा भाव कोसळला असता. ऑपरेशन फ्लडची कल्पना अशी, की ते दान म्हणून घ्यायचे, पण फुकट वाटायचे नाही. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांच्या डेअऱ्यांना ते दूध करून विकायला द्यायचे, दर असा ठेवायचा की शेतकऱ्याचे दूध त्यापुढे महाग पडू नये, आणि आलेल्या पैशांतून गावागावांत सोसायट्या, शीतगृहे, टँकर उभे करायचे. पहिल्या टप्प्यासाठी १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल ठरले होते. एवढा माल घ्यायला, विकायला आणि पैसा वाटायला सरकारी कंपनी हवी होती. ती बडोद्यात निघाली, हे सुरुवातीला सांगितलेच.

हे सगळे निर्वेध झाले असे समजू नये. १९८३ मध्ये गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी ‘इलस्ट्रेटेड वीकली’त या योजनेवर कडाडून टीका केली. दानाच्या भुकटीवर शहरे पोसली जातात आणि गावाचे दूध शहराकडे ओढले जाते, असा त्यांचा रोख होता. देशभर गदारोळ झाला. लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला मूल्यमापन समिती नेमावी लागली. गावातल्या मुलाच्या वाट्याचे दूध विकले जाते, हा आक्षेप आम्हाला आजही हलका वाटत नाही. मात्र आकडेही पाहिले पाहिजेत. १९५०-५१ मध्ये देशाचे दूध १ कोटी ७० लाख टन होते, वीस वर्षांनी ते जेमतेम सव्वादोन कोटींवर पोहोचले. पुढे मात्र वाढीला वेग आला, १९९८ मध्ये आपण अमेरिकेला मागे टाकले आणि २०२२-२३ मध्ये उत्पादन २३ कोटी टनांवर गेले. आपल्या गावात १९५७ साली निघालेल्या बडोदा डेअरीचे दूध आज ज्या पिशव्यांत येते, त्यामागे हा सगळा खटाटोप आहे.

आता कोल्याकडे वळू. कोका-कोला १९५० च्या दशकात भारतात आला. बाटल्या भरणारे बहुतेक भारतीय होते, पण अर्क कंपनीचा आणि त्याची कृती गुप्त. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे फेरा, पुढल्या वर्षीपासून लागू झाला आणि परदेशी कंपन्यांना भांडवलातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले. कॅडबरीसारख्यांनी ते मान्य केले. कोका-कोलाला अर्काचे गुपित आणि दर्जावरचा ताबा सोडायचा नव्हता. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि कंपनी देश सोडून गेली. वर्तमानपत्रांतून स्वदेशीचा मोठा जयघोष झाला. लहान मुलांना मात्र दु:ख झाले, हे खरे.

बाटल्या भरणारे कारखाने आणि तिथले कामगार रिकामे पडू नयेत म्हणून सरकारने स्वतःच कोला काढायचे ठरवले. कृती पुन्हा म्हैसूरच्याच संस्थेची. उत्पादन मॉडर्न बेकरीज या सरकारी कंपनीचे. ही कंपनी १९६५ ची, ऑस्ट्रेलियाच्या मदतीने पाव करण्यासाठी निघालेली, आणि अहमदाबादसह मोठ्या शहरांत तिच्या बेकऱ्या होत्या. साल सत्त्याहत्तर, म्हणून पेयाचे नाव ‘७७’, लोकांच्या तोंडी डबल सेव्हन. म्हणजे वरकरणी पाहिले तर बाळाच्या दुधाला जे जे मिळाले ते याला मिळाले होते. प्रयोगशाळा तीच, परदेशी स्पर्धक बाहेर, आणि पाठीशी प्रत्यक्ष सरकार.

तरी ते चालले नाही. पार्लेच्या रमेश चौहानांनी त्याच साली थम्स अप आणले, दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सने, जे आधी कोका-कोलाच भरत असत, कॅम्पा कोला काढला. या दोघांच्या घरी शीतपेयाचा धंदा मुरलेला होता. बर्फाची पेटी कुठल्या पानवाल्याकडे ठेवायची, लग्नाच्या हंगामात किती क्रेट आधी पोहोचवायचे, सिनेमाच्या मध्यंतराला बाटली थंड कशी मिळेल, हे त्यांना ठाऊक होते. पाव विकणाऱ्या सरकारी कंपनीला ते कोण सांगणार? आणि ‘७७’ बुडाले तर ज्याची चूल विझेल असा एकही माणूस त्याच्यामागे नव्हता. आणंदला दूध नासले तर त्याच संध्याकाळी गावातल्या बाईच्या हाती पैसे कमी पडत. १९८० मध्ये सरकार बदलले आणि ‘७७’ हळूहळू दिसेनासे झाले. मॉडर्नचाच ७४ टक्के हिस्सा सरकारने २००० सालच्या जानेवारीत हिंदुस्थान लिव्हरला १०५ कोटींना विकला.

गंमत अशी, की आपल्या प्रदेशात कोल्याला पर्याय कधीचा होता. सुरतेचा सोस्यो १९२० च्या दशकापासून, स्वदेशीच्या हवेत निघालेला. बडोद्याच्या जेवणावळीत तो सर्रास असे. सरकारने त्याला कधी हाताशी धरले नाही, आणि तरी तो टिकला.

तिसरी वस्तू लोणचे, आणि इथे विषय थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो. १९६७ पासून काही वस्तू केवळ लघुउद्योगांनीच कराव्यात, असा नियम झाला. सुरुवातीला त्या ४७ होत्या. १९७७ च्या डिसेंबरात, पुन्हा फर्नांडिस यांच्याच खात्याने, यादी १८० वरून ५०४ वर नेली. लोणची आणि चटण्या, पाव, मोहरीचे आणि शेंगदाण्याचे तेल असे खाद्यपदार्थ त्यात होते, आइस्क्रीम आणि बिस्किटेही होती. मोठ्या कंपनीने यात पडायचे नाही, पडायचेच तर मालाचा मोठा भाग परदेशी पाठवायचा. हेतू चांगला होता. घराघरात जे होते ते घराघराच्याच हाती राहावे.

पण लघुउद्योग म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक ठरावीक मर्यादेत. १९७५ मध्ये ती १० लाख, १९८० मध्ये २० लाख, १९८५ मध्ये ३५ लाख. ज्याचे लोणचे खपू लागले त्याला बाटल्या भरण्याचे मोठे यंत्र घ्यावेसे वाटले, की मर्यादा आडवी येई. मोठे होणे हाच गुन्हा ठरला. मग एका घरातल्या भावाभावांच्या नावे वेगवेगळे कारखाने दाखवायची रीत पडली. नाव एक, कढई चार ठिकाणी. दुसरीकडे १९५५ च्या फळपदार्थ आदेशाचा परवाना हवा, त्यासाठी फरशी अशी, पाणी असे, नोंदवही अशी. तो नियम योग्यच होता, पण कैरी चिरणाऱ्या बाईला तो समजावून सांगणारे, तिच्या मसाल्याची तपासणी करून देणारे कोणी नव्हते. कुंपण होते, आणि आत खत-पाणी काहीच नव्हते.

बडोद्यातल्या आमच्या घरांतून त्या वर्षांत किती लोणची, मेतकूट, भाजाणी, कुरडया बाहेर पडल्या याची मोजदाद नाही. अमेरिकेत गेलेल्या मुलांच्या बॅगांतून त्या समुद्रापार गेल्या. उत्कृष्ट हात असलेल्या बायका होत्या. त्यांच्यापैकी धंदा फार थोड्यांचा झाला, आणि तोही एका पिढीपुरता. आरक्षणाच्या अर्धशतकात मध्यमवर्गीय मराठी बाईच्या हाताला ज्या प्रमाणात बाजार मिळायला हवा होता, तो मिळाला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. याला आमचा भिडस्तपणाही कारण असेल. ‘घरचे पदार्थ विकायचे?’ हा प्रश्न आमच्याकडे बराच काळ टिकला.

याउलट उदाहरण गिरगावातले. १९५९ मध्ये सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचे ‘लिज्जत’ झाले. १९६६ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्याला मान्यता दिली आणि भांडवलाची मदत केली. पीठ एके ठिकाणी मळायचे, पापड घरोघरी लाटायचे, दर्जा तपासून घ्यायचा आणि लाटणारी प्रत्येक बाई मालकीण. दक्षिण गुजरातेतल्या वालोडच्या शाखेने आदिवासी भागातल्या बायकांना तेच काम दिले. इथे मोठ्यांना बंदी हे मुख्य नव्हते. मदत जिच्या हाती पोहोचली तिचाच तो धंदा होता.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. १९८८ मध्ये केंद्रात अन्न प्रक्रिया उद्योगांचे वेगळे मंत्रालय झाले. त्याच वर्षी पेप्सीला परवानगी मिळाली, पण पंजाब अ‍ॅग्रो आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत, निर्यातीच्या अटीवर आणि टोमॅटोवर प्रक्रिया करण्याच्या बोलीवर. नावही नुसते पेप्सी नको, ‘लहर पेप्सी’. होशियारपूर जिल्ह्यात जहूरा येथे टोमॅटोचा कारखाना निघाला, काही वर्षांनी पेप्सीने तो विकूनही टाकला. १९९३ मध्ये कोका-कोला परत आला आणि त्याने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकतच घेतले. गोल्ड स्पॉट बंद पडला. आइस्क्रीम आणि बिस्किटे १९९७ मध्ये आरक्षणातून सुटली. लोणची आणि पाव अगदी शेवटच्या वीस वस्तूंत राहिले आणि २०१५ मध्ये मोकळे झाले.

दुधाचे कुंपण मात्र एकदा नकळत उघडे राहिले होते. आयातीवर परवान्याची बंदी होती तोवर जकात किती आहे, हे कोणी पाहिले नाही. जागतिक व्यापार करारानुसार ती बंदी उठवण्याची वेळ आली, तेव्हा लक्षात आले की फार पूर्वीच्या एका करारात आपण दूधभुकटीवर शून्य जकातीचे वचन देऊन बसलो आहोत. १९९९-२००० च्या सुमारास फेरवाटाघाटी कराव्या लागल्या. १०,००० टनांपर्यंत १५ टक्के आणि त्यापुढे ६० टक्के अशी जकात ठरली, आणि त्या बदल्यात इतर काही वस्तूंवर सवलती द्याव्या लागल्या. २०१९ च्या नोव्हेंबरात आशियातील मोठ्या व्यापार करारातून भारत बाहेर राहिला, तेव्हाही न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या दुधाची भीती हे एक मोठे कारण होते. ज्यांच्या घरी दोन म्हशी आहेत अशा कोट्यवधी कुटुंबांचा हिशेब त्या टेबलावर होता.

आताच्या योजनाही पाहू. मोठ्या कारखान्यांसाठी २०२१ मध्ये १०,९०० कोटींची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना मंजूर झाली. त्याच्या आदल्या वर्षी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी १०,००० कोटींची योजना आली होती. तिच्यात यंत्रसामग्रीच्या खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाला जोडलेले अनुदान ठेवले गेले. बचत गटातल्या बायकांना प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल, प्रशिक्षण, प्रकल्पाचे कागद तयार करून देणारा जिल्ह्याचा सल्लागार, आणि अनेकांनी मिळून एकाच नावाने माल विकला तर त्या खर्चाचा निम्मा भाग, अशा तरतुदी होत्या. यात आरक्षण कुठे नाही. लोणचे आता कोणीही, कितीही मोठा, करू शकतो, आणि दुकानात ते आपल्या बाटलीशेजारीच ठेवले जाते.

यंदाच्या आनंदमेळ्यात ज्या भगिनींचे स्टॉल आहेत, त्यांच्यापैकी काहींनी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी काढली आहे, काहींनी नाही. नोंदणी घरबसल्या होते, आणि बारा लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला ती एवढ्यावर भागत आली आहे. फॉर्म भरायला मंडळातली तरुण मुले तयार आहेत. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती मांडवाच्या डाव्या हाताला, चप्पलस्टँडपाशी बसतील.